बागांचा मुलूख : लखनौचा ग्रामीण परिसर

प्रस्तावना

लखनौ म्हटले की बडा इमामबाडा, रूमी दरवाजा, अदबशीर बोली आणि चिकनचा शुभ्र कुर्ता डोळ्यांसमोर येतो. नबाबांचे शहर अशीच त्याची ओळख भारतभर रूढ झाली आहे. परंतु शहराच्या वैभवामागे बहुधा भोवतालची खेडी उभी असतात. लखनौचा आंबा शहरात पिकत नाही, चिकनचे भरतकाम मुख्यतः राजवाड्यात झालेले नाही आणि स्वातंत्र्यलढ्यातील ज्या घटनेमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले, ती एका लहानशा रेल्वे स्थानकाजवळ घडली. प्रस्तुत पाठात लखनौच्या या फारशा परिचित नसलेल्या ग्रामीण परिसराचा इतिहास, तेथील प्रेक्षणीय स्थळे आणि त्याच्यापुढील आजचे प्रश्न यांची ओळख करून दिली आहे.

नावात उरलेली बाग

लखनौच्या दक्षिणेला रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलीबाग नावाची वस्ती आहे. नावाचा सरळ अर्थ तेल्यांची बाग. आज तेथे बागेऐवजी दुकाने, घरे आणि सततची वर्दळ आढळते. जवळच १९५२ साली स्थापन झालेली ऊस संशोधन संस्था, १९८० च्या दशकात उभी राहिलेली संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आणि १९९६ सालचे बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ आहे. या भागातून शारदा कालव्याची शाखा जाते. ही वस्ती एके काळी शेतजमिनीच्या सान्निध्यात होती, याची आठवण हा कालवाच आता करून देतो.

लखनौच्या नकाशावर अशा 'बागा' जागोजागी आहेत. चारबाग, आलमबाग, कैसरबाग, सिकंदरबाग, डालीबाग, मूसाबाग ही त्यांपैकी काही नावे. चारबाग हे आज रेल्वे स्थानकाचे नाव आहे आणि कैसरबाग ही भर शहरातली वस्ती आहे. शहर वाढत गेले, बागा संपत गेल्या आणि नावे तेवढी मागे राहिली. तेलीबागेपासून बाहेर पडून चहूदिशांना गेले, तर मात्र ही नावे ज्यावरून पडली, तो बागांचा आणि शेतांचा मुलूख अजूनही पाहावयास मिळतो.

नद्या, कालवा आणि ऊसर जमीन

लखनौ जिल्हा गंगेच्या विस्तीर्ण मैदानात वसला आहे. डोंगर नाही, खडक नाही. नद्यांनी हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाची ही भूमी. जिल्ह्याच्या मध्यातून गोमती वाहते. बहुतेक मोठ्या उत्तर भारतीय नद्यांप्रमाणे ती हिमालयात उगम पावत नाही. पिलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील एका तळ्यातून ती निघते आणि वाराणसीच्या पुढे गंगेला मिळते. दक्षिणेकडे सई ही दुसरी नदी आहे. गहू, भात, ऊस, बटाटा आणि भाजीपाला ही येथील प्रमुख पिके होत.

प्रशासनाच्या दृष्टीने जिल्ह्याच्या पाच तहसिली आहेत : लखनौ सदर, मलिहाबाद, मोहनलालगंज, बक्शी का तालाब आणि सरोजिनीनगर. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४६ लाख होती आणि त्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहत होते.

या मैदानाचे एक वैशिष्ट्य मात्र महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित वाटेल. मोहनलालगंज आणि सरोजिनीनगर या दक्षिणेकडील भागांत पांढरट थर आलेली ओसाड जमीन मध्येमध्ये दिसते. तिला तेथे 'ऊसर' म्हणतात आणि वर येणाऱ्या क्षारांना 'रेह'. पूर्वी धोबी ही रेह कपडे धुण्यासाठी गोळा करून नेत. सोडियमचे क्षार मातीत साचले की मातीचे बारीक कण सुटे होतात, त्यांमधील छिद्रे बुजतात आणि जमीन घट्ट होते. पाणी खाली मुरत नाही आणि मुळांना वाट मिळत नाही. १९२८ साली सुरू झालेल्या शारदा कालव्याने अवधच्या शेतीला पाणी दिले, हे खरे. पण जेथे पाण्याचा निचरा होत नव्हता, तेथे भूजलाची पातळी वर आली आणि ऊसर जमिनीची समस्या अधिक बिकट झाली. पाणी आणणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वाहून जाऊ देणेही महत्त्वाचे असते, हा धडा या जमिनीने दिला.

लखनौ-कानपूर मार्गावरील बंथरा येथे वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ पासून अशाच जमिनीवर प्रयोग सुरू केले. क्षार सहन करणारी गवते आणि झाडे लावून, पालापाचोळा जमिनीतच कुजू देऊन त्यांनी ओसाड तुकड्यावर वन उभे केले. पुढे १९९३ पासून उत्तर प्रदेशात जिप्सम घालून ऊसर जमीन सुधारण्याचा मोठा प्रकल्प राबविला गेला. ज्या जमिनीत गवत उगवत नव्हते, तिच्यात भात आणि गहू घेता येऊ लागला. प्रवाशाच्या दृष्टीने बंथरा हे काही पर्यटनस्थळ नव्हे. तथापि माणसाने बिघडलेली जमीन पुन्हा उभी केल्याचे असे उदाहरण पाहण्यासारखे नक्कीच आहे.

नबाबांचा काळ आणि १८५७

मराठी वाचकाला अवधच्या नबाबांचे नाव पानिपताच्या इतिहासातून ठाऊक असते. १७६१ च्या त्या युद्धात अहमदशहा अब्दालीच्या बाजूने उभा राहिलेला शुजाउद्दौला हा अवधचाच नबाब. त्याचा पुत्र आसफउद्दौला याने १७७५ साली आपली राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. १७८४ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, तेव्हा उपाशी रयतेला काम मिळावे म्हणून बडा इमामबाड्याचे बांधकाम हाती घेतले गेले, असे सांगितले जाते. शहराची सर्वांत प्रसिद्ध वास्तू अशा रीतीने खेड्यांवरील संकटाशी जोडलेली आहे.

१८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने नबाब वाजिद अली शहा याला पदच्युत करून अवध खालसा केले. याचा धक्का केवळ दरबाराला बसला नाही. अनेक तालुकदारांच्या हातून गावे गेली. कंपनीच्या बंगाल सैन्यातील शिपायांचा फार मोठा भाग अवधच्या खेड्यांतून आलेला होता. त्यामुळे गावातील असंतोष थेट छावणीपर्यंत पोहोचला. ३० जून १८५७ रोजी लखनौच्या पूर्वेस चिनहट या गावाजवळ इंग्रज फौजेचा पराभव झाला आणि त्यानंतर रेसिडेन्सीचा प्रसिद्ध वेढा सुरू झाला. बेगम हजरत महल हिने आपल्या अल्पवयीन पुत्राच्या नावाने राज्यकारभार चालविला. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडल्यावरही तिने शरणागती पत्करली नाही. गंगेपलीकडील ब्रह्मावर्ताचे, म्हणजे बिठूरचे, नानासाहेब पेशवेही याच संग्रामात अवधमध्ये आले होते आणि शेवटी दोघांनीही नेपाळचा आश्रय घेतला. ज्या चिनहटला ही लढाई झाली, ते पुढे चकचकीत रंगीत मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाऊ लागले. आज ते शहराचाच भाग बनले आहे.

शेतकऱ्यांचा आवाज

१८५७ नंतर तालुकदारांना त्यांची गावे बहुतांशी परत मिळाली. कष्टकरी कुळांच्या वाट्याला मात्र काही आले नाही. ठरलेल्या खंडाशिवाय नजराणा द्यावा लागे, वेठबिगार करावी लागे आणि कधीही 'बेदखली' होऊन जमीन हातची जाई. १९२० च्या सुमारास या अन्यायाविरुद्ध अवधमध्ये शेतकऱ्यांची मोठी चळवळ उभी राहिली. तिचे एक प्रमुख नेते बाबा रामचंद्र हे मराठी होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे. त्यांचे मूळ नाव श्रीधर बळवंत जोधपूरकर. करारबद्ध मजूर म्हणून ते फिजी बेटावर गेले होते. तेथून परतल्यावर ते अवधमध्ये स्थिरावले. गावोगाव हिंडून तुलसीदासांचे रामचरितमानस गात ते शेतकऱ्यांना एकत्र करीत. अवधी ही तेथल्या लोकांची बोली आणि मानस हा त्यांच्या जिव्हाळ्याचा ग्रंथ. परप्रांतातून आलेल्या माणसाने लोकांच्या मनात शिरण्याची वाट त्यातूनच शोधली.

बाबा रामचंद्रांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने प्रतापगड, रायबरेली, फैजाबाद या जिल्ह्यांत होते. त्यानंतर १९२१-२२ मध्ये हरदोई, सीतापूर आणि बाराबंकी या जिल्ह्यांत 'एका' म्हणजे एकीची चळवळ पसरली. लखनौ जिल्ह्यातील मलिहाबादचा भागही तिच्याशी जोडलेला होता. नोंदलेल्या खंडापेक्षा एक पैसाही अधिक न देण्याची आणि बेदखल केले तरी शेत न सोडण्याची शपथ शेतकरी घेत असत.

काकोरी

लखनौच्या पश्चिमेस सुमारे पंधरा किलोमीटरवर काकोरी हे जुने कसब्याचे गाव आहे. सूफी परंपरेतील 'तकिया शरीफ' हे तेथील श्रद्धास्थान आहे. तोंडात विरघळणारे मऊ काकोरी कबाबही याच गावाच्या नावाने ओळखले जातात. परंतु भारतीय इतिहासात काकोरीला स्थान मिळाले ते ९ ऑगस्ट १९२५ या दिवसामुळे.

त्या संध्याकाळी सहारनपूरहून लखनौकडे येणारी पॅसेंजर गाडी काकोरी स्थानक सोडून पुढे निघाली असता हिंदुस्तान रिपब्लिकन असोसिएशनच्या क्रांतिकारकांनी साखळी ओढून ती थांबविली आणि गाडीतील सरकारी तिजोरी ताब्यात घेतली. हाती आलेली रक्कम पाच हजारांपेक्षाही कमी होती. प्रवाशांना इजा करावयाची नाही, असे ठरलेले असूनही गोंधळात सुटलेल्या गोळीने एका निरपराध प्रवाशाचा बळी गेला. सरकारने देशभर धरपकड केली आणि लखनौ येथे दीर्घकाळ खटला चालला. राजेंद्रनाथ लाहिरी यांना १७ डिसेंबर १९२७ रोजी गोंडा येथे, तर रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंह यांना १९ डिसेंबर रोजी अनुक्रमे गोरखपूर, फैजाबाद आणि अलाहाबाद येथे फाशी देण्यात आली. चंद्रशेखर आझाद मात्र अखेरपर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत.

याच खटल्यात दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री हे विदर्भातील चिखली गावचे. १९०२ साली जन्मलेल्या या तरुणाने उदासीन पंथाच्या साधूंत राहून क्रांतिकार्य केले. मराठी जाणत असल्यामुळे संघटनेचा प्रसार मध्य प्रांत आणि महाराष्ट्रात करण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली होती. प्रत्यक्ष गाडी थांबविणाऱ्यांत ते नव्हते. तरीही संघटनेचे सभासद म्हणून त्यांना शिक्षा भोगावी लागली. स्वातंत्र्यानंतर ते लखनौतच राहिले आणि आपल्या हुतात्मा सहकाऱ्यांच्या स्मृती जपत १९९६ मध्ये तेथेच निवर्तले. काकोरीजवळील बाजनगर येथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. २०२५ मध्ये या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली.

मलिहाबादची आमराई

काकोरीच्या पुढे मलिहाबाद आणि माल या भागांत आंब्याच्या बागा एकमेकींना लागून पसरलेल्या आहेत. पठाण घराण्यांची ही जुनी वस्ती. उर्दूतील नामवंत कवी जोश मलिहाबादी (१८९८-१९८२) यांनी आपल्या टोपणनावात याच गावाचे नाव धारण केले.

येथील राजा म्हणजे दशहरी आंबा. काकोरीजवळच्या दशहरी गावात या जातीचा मूळ वृक्ष आजही उभा असून तो दोनशे वर्षांहून अधिक जुना मानला जातो. आंब्याची कोय पेरली तर येणारे झाड मातृवृक्षासारखेच निपजेल याची शाश्वती नसते. म्हणून चांगल्या जातीचा प्रसार कलमानेच करावा लागतो. त्यामुळे दशहरीचे प्रत्येक झाड कलमांच्या साखळीने अखेर त्या एका मूळ वृक्षाशी नाते सांगते. निलम आणि दशहरी यांच्या संकरातून 'मल्लिका' आणि 'आम्रपाली' या नव्या जातीही तयार झाल्या आणि त्या देशभर लावल्या गेल्या.

कोकणचा हापूस चैत्र-वैशाखात बाजारात येतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. दशहरीचा हंगाम बहुधा जूनच्या सुमारास सुरू होतो. हापूस गोलसर आणि केशरी, तर दशहरी लांबट, बारीक कोयीचा आणि पिवळसर गराचा. २००९ मध्ये मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकन मिळाले. काकोरीनजीकच्या रहमानखेडा येथे १९७२ पासून आंब्यावर संशोधन होत असून तेथे आज केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था कार्यरत आहे. मलिहाबादचे बागायतदार हाजी कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींची कलमे केली. या कौशल्याबद्दल त्यांना २००८ साली 'पद्मश्री' देऊन गौरविण्यात आले.

तथापि आमराईचे जीवन वाटते तितके निवांत नाही. एक वर्ष भरघोस पीक आले की पुढच्या वर्षी झाड हात आखडते. मोहोरावर तुडतुडे आणि भुरी यांचा हल्ला होतो. हंगामाआधीच फळांचा सौदा झालेला असला, तर वाढलेल्या भावाचा लाभ मालकाला मिळत नाही. या भागात आणखी एक विकार आढळतो : फळाचे टोक काळे पडते आणि आतला गर खराब होतो. हे कीटकाचे किंवा बुरशीचे काम नसून वीटभट्ट्यांच्या धुरातील विषारी वायूंचा तो परिणाम आहे, असे संशोधनातून दिसून आले. शहराच्या घरांसाठी भाजली जाणारी वीट गावातल्या आंब्याला डाग लावते!

उत्तरेकडील स्थळे आणि चिकनकारी

लखनौच्या उत्तरेस बक्शी का तालाब हे गाव आहे. नबाबी काळात बांधलेल्या तलावावरून त्याला हे नाव पडले. जवळच गोमतीच्या काठी चंद्रिकादेवीचे मंदिर आहे. अमावस्येला तेथे मोठी जत्रा भरते. शहराच्या ईशान्येस कुकरैल हे राखीव वन आहे. नामशेष होऊ लागलेल्या घडियाल या लांब तोंडाच्या सुसरीसाठी १९७० च्या दशकात तेथे संवर्धन केंद्र सुरू झाले. नदीकाठची अंडी आणून उबविणे, पिल्ले वाढविणे आणि ती मोठी झाली की पुन्हा नद्यांत सोडणे, असे तेथील कार्य चालते.

काकोरी, मलिहाबाद आणि बक्शी का तालाब या परिसरातील असंख्य स्त्रिया चिकनचे भरतकाम करतात. कापडावर लाकडी ठशांनी कच्च्या रंगात नक्षी उमटविली जाते, ते कापड गावोगाव जाते, स्त्रिया घरकाम सांभाळून त्यावर टाके घालतात आणि शेवटी धुलाई होऊन ठशाचा रंग निघून जातो. तांदळाच्या दाण्यासारखी 'मुर्री', उलट बाजूने भरलेला आणि सुलट बाजूने सावलीसारखा दिसणारा 'बखिया', धागा न कापता तो केवळ बाजूला सारून केलेली 'जाली' असे टाक्यांचे अनेक प्रकार आहेत. २००८ मध्ये या कलेलाही भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र मजुरी नगावर ठरते आणि मध्यस्थांच्या साखळीत कारागीर स्त्रीच्या हाती अल्प रक्कम येते. १९८४ पासून 'सेवा लखनौ' यांसारख्या संस्थांनी या स्त्रियांना संघटित करून थेट काम आणि योग्य मोबदला मिळवून देण्याचा प्रयत्न केला आहे.

पुढे काय?

गेल्या काही वर्षांत हा परिसर झपाट्याने पालटत आहे. २०१६ साली खुला झालेला आग्रा-लखनौ द्रुतगती मार्ग काकोरीच्या बाजूने निघतो, तर २०२१ साली खुला झालेला पूर्वांचल द्रुतगती मार्ग गोसाईगंजजवळून सुरू होतो. डिसेंबर २०१९ मध्ये लखनौ महानगरपालिकेच्या हद्दीत ८८ गावे समाविष्ट करण्याचा निर्णय झाला. रस्त्यांमुळे आंबा दूरच्या बाजारपेठेत लवकर पोहोचतो, गावातल्या मुलांना महाविद्यालय आणि रुग्णांना रुग्णालय जवळ येते. दुसरीकडे जमिनीचे भाव वाढतात आणि दहा-पंधरा वर्षे जोपासलेल्या कलमांपेक्षा त्याखालचा भूखंडच अधिक किमती ठरतो. ज्या शेतकऱ्याला एक आड एक वर्षी पीक मिळते, त्याने केवळ इतरांच्या डोळ्यांच्या सुखासाठी आमराई राखावी, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. बाग टिकावयाची असेल, तर बागेवर जगणाऱ्याचे जीवनही टिकले पाहिजे. फळाला रास्त भाव, प्रक्रिया उद्योग, कारागिराला योग्य मजुरी आणि पाहुण्यांना गावात आणणारे पर्यटन हे त्याचे काही मार्ग होत.

तेलीबागेत आज बाग शोधून सापडत नाही. मलिहाबादेत मात्र जूनमध्ये आंब्यांनी लगडलेल्या फांद्या अजून रस्त्यावर झुकतात. एक स्थळ हरवलेल्या बागेचे नाव सांगते, तर दुसरे अजून जिवंत असलेली बाग दाखविते. या दोहोंमधले अंतर मैलांत फार थोडे आहे. ते काळात किती राहील, हे मात्र शहर आणि खेडे मिळून काय ठरवितात यावर अवलंबून आहे.

शब्दार्थ

मुलूख – प्रदेश. आमराई – आंब्याची बाग. ऊसर – क्षारांमुळे नापीक झालेली जमीन. तालुकदार – अनेक गावांचा सारा वसूल करणारा मोठा जमीनदार. बेदखली – कुळाला जमिनीवरून काढून टाकणे. भौगोलिक मानांकन – विशिष्ट प्रदेशातच निर्माण होणाऱ्या वस्तूला मिळणारी कायदेशीर ओळख.

स्वाध्याय

१. जमीन ऊसर का होते आणि ती कशी सुधारता येते, ते थोडक्यात लिहा.
२. अवधच्या इतिहासाशी बाबा रामचंद्र आणि रामकृष्ण खत्री यांचा संबंध कसा आला?
३. 'दशहरीचे प्रत्येक झाड अखेर एका मूळ वृक्षाशी नाते सांगते', हे विधान स्पष्ट करा.
४. 'बाग टिकावयाची असेल, तर बागेवर जगणाऱ्याचे जीवनही टिकले पाहिजे', या मताविषयी तुमचे विचार मांडा.
५. तुमच्या परिसरात बाग, तळे, विहीर किंवा रान यांवरून पडलेली वस्त्यांची नावे शोधा. त्या गोष्टी आज तेथे आहेत का, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन दहा-बारा ओळी लिहा.